शेलूची लाइन

लाइन बिघडत नाही म्हणून झुरणारा लाइनमन तुमी कोठी पाह्यला का? आमच्या मंगरूळपीरच्या टेलिफोन हापिसात होता, इंद्रभान! तुमाले सांगतो, वाशीमची लाइन बाभयीत अडकून मरे, कारंज्याची माकडं झोके घेऊन मारत, न् शेलूबाजारची? वादळ येवो, इजा पडो... शेलूची लाइन ठीक! आन् याले तं तीच मरायले पाह्यजे होती. काहून? तं त्याची बायको रुख्मिणी शेलूले माहेरी जाऊन बसली होती, तिच्या बापाच्या, उकंडरावच्या ओसरीतच गावचं पोस्ट, न् त्या पोस्टातच गावचा एकुलता एक फोन.

भांडण कायचं म्हणान, तं तारेचंच. तिच्या भावाच्या लग्नात हा पोचला पंगती उठल्यावर, खांद्यावर तारेची गुंडाळी. ती म्हणे, खांबासंगच लगन कराले पाह्यजे होतं तुमी. हा म्हणे, सरकारी काम होतं. ती म्हणे, मंग आता सोता न्याले याल तवाच येईन. हा म्हणे, मले सुट्टी नाही. झालं! यष्टीनं तास नाही लागत, पण माणूस जात नाही. आपल्या मनानं गेला तं नाक कापलं जाते ना! लाइन बंद पडली तं सरकारच धाडते, मंग कोणी काय म्हणते? म्हणून हा रोज वाट पाहे, न् रोज... शेलूची लाइन ठीक!

सकायी हँडल फिरवून गावोगावच्या लाइनी तपासाचं काम बी याच्याकडंच. शेलूचा फोन तीच उचले. हा एकदम सरकारी आवाजात, "हॅलो शेलूबाजार, कोण बोलून राह्यले?" घ्या! सोताची बायको, न् कोण बोलून राह्यले! ती म्हणे, लाइन ठीक हाय. बस, येवढंच. हा म्हणे, नीट आइकू नाही आलं, पुन्हा सांगा. ती पुन्हा सांगे. हा म्हणे, आता जरा मोठ्यानं सांगा, आता जरा हळू सांगा. तुमी हासता, पण त्या तीन शब्दावर हा माणूस अख्खा दिवस काढे. काल 'ठीक हाय' म्हणे, आज नुसतं 'ठीक', म्हणजे राग वाढला का? मधीच खोकली काहून? ताप तं नाही? खांबावर चढला तरी डोक्यात हेच, न् घरी आला का चुलीपाशी एकट्याची भाकर करपे. लय आठवण ये त्याले तिची, खोटं कायले सांगू.

एक डाव साहेबानं इचारलं, काहून बा, शेलूलेच येवढा टाइम काहून लागते? हा म्हणे, आवाज बारीक येते साहेब, बिघाड असंन, जाऊन पाहा लागते. साहेब म्हणे, बराबर हाय, जाऊनच पाहा लागते... न् धाडलं कोणाले? रूपलाले! दुसरा लाइनमन तो. कारण इंद्रभान सकायच्या तपासणीले लागते ना! रूपला गेला, उकंडरावच्या घरी भाकर-ठेचा खाऊन मिशा पुसत आला. म्हणे, वहिनीनं सोता बोलून दाखवलं, शेलूची लाइन ठीक!

मंग एका सकायी यानं हँडल फिरवलं... चूप. पुन्हा फिरवलं... चूप! शेलू मेली! रूपलाच्या कानावर जायच्या आत हा सायकलवर. खांबाखांबाशी उतरे, वर पाहे. तार ताठ, चिनीमातीचे कप जागच्या जागी, बाहेर बिघाडच नाही. रस्ताभर पाठ करत गेला, रुखमे, चाल घरी. रुखमे, चाल घरी. बांधावरचे ढोरं बी पाह्यत राह्यले याच्याकडं.

रुख्मिणी दारातच उभी. ठेवणीतलं लुगडं, डोक्याले तेल. तिनं इचारलं, "कायले आले?"

आता पाठ केलेलं बोलाव का नाही माणसानं? याच्या तोंडातून निंगालं, "लाइन बंद हाय. पाह्याले आलो."

"मंग पाहा," ती म्हणे, न् बाजूले झाली.

यानं फोनचा डबा उघडला, तं तारेचं टोक स्क्रूतून सोडवून नीट गुंडायून ठेवलेलं. तो स्क्रू यानंच कसला होता, पेचकस लावल्याबिगर हालत नाही. हे कोणं केलं न् कायच्यासाठी केलं, ते याच्या ध्यानात आलं तवा यानं मांगं पाह्यलं. रुख्मिणी दारामांगची ट्रंक उचलून आत नेऊन राह्यली होती. भरलेली होती ट्रंक, दोन्ही हात लावा लागले तिले. यानं हाक माराले तोंड उघडलं, तं अंगणातून सासरा इचारते, जावई, झाली का लाइन?

झाली ना! काहून नाही होणार? सरकारी माणूस, जोडून आला. आता शेलूचा फोन खुद्द उकंडराव उचलते, न् बुढ्याचा आवाज असा खणखणीत, का पुन्हा सांगा म्हणाची सोयच राह्यली नाही.