तेलघाणी चौकाचा खटका

अध्यक्षस्थानी विराजमान आयुक्त महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि विद्युत विभागाचे उपअभियंता श्रीयुत कुंदन इंगोले साहेब, साहेबांच्या सौभाग्यवती चंदाताई, वाहतूक शाखेचे आमचे हवालदार किसनराव, विभागातील अधिकारी-कर्मचारी, आमच्या फूल-भाजी विक्रेता संघाच्या मावश्या नि भाऊ, आणि मागच्या दारात अजूनही ताटकळलेले श्रोतेहो! अहो, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, या ना. लग्नात पहिल्या पंगतीला बरोबर धावता, आणि भाषण म्हटलं की दार धरून उभे राहता!

मी वर्षाली मेहरे. तेलघाणी चौकात आमचं फुलांचं दुकान आहे. व्यासपीठावरचे हे सगळे पुष्पगुच्छ आमच्याच दुकानातले. तेव्हा फुलं कोमेजलेली दिसली तर मला सांगा, आणि भाषण कोमेजलेलं वाटलं तर सूत्रसंचालकांना सांगा, कारण मला बोलायला त्यांनीच उभं केलं. थोडक्यात आटपा, असंही त्यांनी कानात सांगितलं आहे. मी त्यांना 'बरं' म्हणाले. बाजारात बसणारी बाई 'बरं' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते गिऱ्हाइकांना विचारा.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या कार्याचा छान आढावा घेतला. किती चौकांत नवे सिग्नल बसले, वीज किती वाचली, सगळं आलं. पण एक गोष्ट त्यात आली नाही. ती कुठल्या अहवालात मावणारी नाही, म्हणून ती सांगायला मी उभी आहे.

आमच्या चौकातला जुना सिग्नल आठवतो ना? आठवत नसेल तर तुम्ही भाग्यवान! लाल दिव्याच्या काचेवर इतकी काजळी, की लाल आहे की भगवा, यावर पानठेल्यावर वाद व्हायचे. खांबाच्या बुडाशी गंजलेली लोखंडी पेटी. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन म्हणजे माणसाचा मेंदू तापतो, तिथे त्या पेटीची काय कथा? दुपार झाली की ती बंद पडायची. मग आमचे किसनराव तिच्यावर ओलं पोतं टाकायचे. हसू नका, खरं सांगते! चौकात लोक म्हणायचे, "किसनराव, बाळंतिणीले इतकं जपत नाईत हो." आणि पोतं टाकलं की ती पेटी खरंच चालू व्हायची.

त्या पेटीला एक खोड होती. दिवा बदलला की आतला खटका वाजायचा. खट्ट! चांगला मोठ्यानं. हिरव्याचा पिवळा झाला की एक खट्ट, पिवळ्याचा लाल झाला की लगेच दुसरा खट्ट. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की आम्हाला तो ऐकूच यायचा नाही.

एका माणसाला मात्र तो ऐकू यायचा. माझे सासरे, पुंजाराम मेहरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही मामाजीच म्हणते. ते तिकडे तिसऱ्या रांगेत, कडेला बसले आहेत, मांडीवर हार घेऊन. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. डोळे गेले, पण बोटं शाबूत. शेवंती कुठली, झेंडू कुठला, मोगरा सकाळचा की कालचा, सगळं हातांना कळतं. घर चौकाच्या अलीकडे आणि दुकान पलीकडे. मध्ये रस्ता. आणि तो रस्ता मामाजी रोज एकटे ओलांडत. ना काठी आपटणं, ना कुणाला हाक. आम्हाला वाटायचं, सवय आहे. अंदाज आहे. देवाची कृपा आहे!

मग आले आपले इंगोले साहेब. बाळापूरचा माणूस, बोलण्यात साखर पेरणार नाही, पण कामाला लागला की मागे हटणार नाही. जुनं सगळं उपटून काढलं. लखलखीत दिवे, आकड्यांचं घड्याळ, वीज गेली तरी चालणारी बॅटरी. उद्घाटनाला नारळ फुटला, हार आमच्या दुकानातला, पेढे पण झाले. किसनरावांनी पोत्याला रामराम केला. सगळा चौक खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी दुकानात आले नाहीत.

मी वाट पाहिली. गिऱ्हाईक होतं, हार बांधायचे पडले होते. शेवटी मीच पाहायला निघाले, तर ते घराकडच्या कोपऱ्यावर उभे. नवीन खांबाला हात लावून उभे. दिवा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, पुन्हा लाल व्हायचा, आणि हा माणूस आपला जागचा हलत नाही. मी म्हटलं, "मामाजी, काहून थांबले? काय झालं?" मी हात धरला नि त्यांना पलीकडे आणलं. संध्याकाळी म्हणाले, "उद्यापासून फुलं घरीच पाठवत जाय. मी घरीच बांधीन."

"पण काहून?"

"सिग्नल मुका झाला पोरी. मले काईच समजत नाई."

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं हा माणूस त्या लागोपाठच्या दोन खट्टवर चालत होता! मी वेड्यासारखं विचारलं, गाड्या थांबल्या की ऐकू येतंच की, मग खट्ट कशाला? तर म्हणाले, "गाड्या थांबल्या हे समजते. पण आत्ता थांबल्या का आता सुटतीन, हे कोण सांगन?"

सांगा मंडळी, याला काय उत्तर आहे? आणि मला उत्तर सुचलं नाही की मी भांडते. माझा स्वभाव आहे, घरच्यांना विचारा.

मी थेट साहेबांच्या कार्यालयात गेले. आवाज माझा असा, की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या चांगल्या सिग्नलनं माझ्या घरातला चालता-फिरता माणूस खाटेवर बसवला. त्याला रोज हात धरून नेणारी मी आहे, पण त्याला हात धरून जायचं नाही. आता काय करता बोला!" चंदाताई, तुमच्या यजमानांना मी त्या दिवशी फार बोलले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण त्यांनाही वाटलं नाही. ते म्हणाले, "बाई, आधी पाणी प्या. मग चला चौकात."

आणि हा अधिकारी माणूस चौकात येऊन मामाजींच्या कोपऱ्यावर डोळे मिटून उभा राहिला! पानठेल्यावरचे लोक म्हणायला लागले, साहेबाले भोवळ आली वाटते. बऱ्याच वेळानं डोळे उघडले आणि इतकंच म्हणाले, "काहीच कळत नाही हो."

मग सिग्नल बसवणाऱ्या कंपनीचं एक यंत्र आलं. लाल झालं की पीं-पीं करणारं. आम्ही म्हटलं, झालं काम. मामाजींनी पीं-पीं ऐकलं, पाऊल टाकलं, आणि किसनरावांनी झेप घेऊन त्यांची कॉलर धरली म्हणून बरं! ते पीं-पीं सिग्नलचं नव्हतंच. एक टेम्पो मागे येत होता, त्याचं होतं. आपल्या बाजारपेठेत मागे येणाऱ्या गाड्यांना काय तोटा? मामाजी शांतपणे म्हणाले, "साहेब, हे वाजणारं सारंच सारखं वाजते. मले आपला खटका पाह्यजे."

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबा, आता जुनं विसरा. नव्याशी जुळवून घ्या. घरात बसा, सून चांगली आहे, सांभाळते. पण इंगोले साहेब भंगारात गेले. अक्षरशः! लिलावाला निघालेल्या सामानाच्या ढिगात आमची ती गंजकी पेटी शोधली, तिच्यातला खटका काढला, घासूनपुसून नव्या सिग्नलला जोडला आणि मामाजींच्या कानाच्या उंचीवर, खांबावर, भोकं पाडलेल्या डब्यात बसवला. कंपनीचा माणूस म्हणाला, असं जोडकाम आमच्या नियमात बसत नाही. साहेब म्हणाले, "मग ती जबाबदारी माझी. तुमचे दिवे डोळेवाल्यांसाठी, हा खटका कानवाल्यांसाठी."

पहिल्या दिवशी साहेब स्वतः तिथे हजर. मामाजींचा हात धरायला पुढे झाले, तर आमचे म्हातारबुवा म्हणतात कसे, "तुमी बाजूले व्हा साहेब. हात धरसान तं मी उभाच राहीन." मी म्हटलं, झालं, आता हे साहेबांशी पण भांडणार! मी कुणाच्या घरात नांदते ते तुम्हाला आता कळलं असेल.

एक खट्ट झाला. मग दुसरा खट्ट. आणि मामाजी निघाले. घाई नाही, चाचपणं नाही, नेहमीसारखे. दुकानापाशी पोचले, बसले आणि म्हणाले, "आण शेवंती." साहेब रुमालानं चष्मा पुसत उभे होते. धूळ गेली असेल. आमच्या चौकात धूळ फार.

आता मुद्द्याचं बोलते. मघाशी असं जाहीर झालं, की लवकरच दुसऱ्या टप्प्याचं काम निघणार, सगळ्या चौकांत आणखी नवी यंत्रणा येणार, आमच्या चौकातली पेटीसुद्धा बदलणार. आनंद आहे! नवं यायलाच पाहिजे. ओल्या पोत्याचे दिवस कुणाला हवेत? पण साहेब तर आज निवृत्त होऊन निघाले आपल्या गावी, बाळापूरला, आणि खटका हा त्यांच्या स्वतःच्या जबाबदारीवर वाजतो आहे. उद्या नवा माणूस येईल, डबा पाहील, म्हणेल हे काय लोंबतंय? काढून टाका. मग मामाजी पुन्हा खांब धरून उभे!

म्हणून आयुक्त महोदया, निरोपाच्या कार्यक्रमात मागणी करू नये असा शिष्टाचार असतो, हे मला माहीत आहे. पण मी करणार. नव्या कामात आमचा खटका राहिला पाहिजे. आणि एकट्या आमच्या चौकात का? शहरात काय एकच पुंजाराम आहे का? सगळ्या चौकांत पाहिजे. साहेबांना शाल-श्रीफळ आपण देतोच आहोत. पण खरी भेट द्यायची असेल तर ही द्या... मॅडम हसताहेत. मॅडमनी मान हलवली! पाहिलं ना सगळ्यांनी? किसनराव, तुम्ही पोलीस आहात, तुम्ही साक्षीदार.

आणखी एकच, मग बसते. हा हॉल आमच्या घरापासून रस्त्यापलीकडे. निघताना मी म्हटलं, "मामाजी, आज गर्दी आहे, हातात हार आहे, मी धरते." तर ताडकन म्हणाले, "काहून? ज्यानं मले रस्ता देला, त्याच्या निरोपाले मी दुसऱ्याच्या हातानं जाऊ का?" एकटे निघाले. मी आपली हळूच मागून, पाऊल न वाजवता. पलीकडे पोचले आणि मान न वळवता म्हणतात, "वर्षाली, चप्पल वाजते तुयी."

मंडळी, तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, तुमचे आभार. संयोजकांनी मला व्यासपीठ दिलं आणि मधेच माईक बंद केला नाही, त्यांचे दुप्पट आभार. बाजारात वाढलेली जीभ आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे शब्द जास्तीचा गेला असेल, तर लहान बहीण समजून पदरात घ्या. साहेब, चंदाताई, बाळापूरला सुखानं राहा, आणि आमच्या चौकातून जाल तेव्हा फुलं घेतल्याशिवाय गेलात तर याद राखा.

आता हार घालायचा आहे. हा हार मामाजींनी स्वतः बांधलेला आहे, आणि तो तेच घालणार. कुणी त्यांचा हात धरायला उठू नका. पायऱ्या त्यांनी मघाशीच चाचपून ठेवल्या आहेत. फक्त टाळ्या जरा थांबवा, हॉल शांत होऊ द्या.

साहेब, समोरच्या टेबलावर दोनदा वाजवा. ते येतील.