एकशे ऐंशी पाकिटं आणि न दिसलेलं पत्र

या, पुढे सरकून बसा. खांबाआडच्या मंडळींना ऐकू येतंय ना? नसेल तर आत्ताच सांगा. नंतर घरी जाऊन म्हणाल, बुवा काय बोलले कळलंच नाही!

मंडळी, आज एकच सवाल टाकतो. माणूस खरं बोलतोय, वेळेवर बोलतोय, समोरच्याच्या भल्याचं बोलतोय — आणि तरी ते समोरच्यापर्यंत जात नाही. तर दोष कुणाचा? ऐकणाऱ्याचा? मधल्या निरोप्याचा? की...? थांबा, घाई नको. आधी ऐका, मग न्याय करा.

हे पुराणातलं आख्यान नव्हे. कुडाळचं आहे. तिथे हेमांगी मोंडकर नावाची बाई. घरामागच्या पडवीत ती आणि तिची जाऊ सुलभा, दोघी मिळून लहान मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करायच्या. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सुकवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. माल चोख! पाकिटावर लिहिलेलं — यात शेंगदाणा नाही, साखर नाही. पार्सलं पार जळगावपर्यंत जायची.

आणि हेमांगी दर शुक्रवारी एक पत्र लिहायची. कागदावर नाही हो, ईमेल! सहाशे आयांनी आपण होऊन तिला आपले पत्ते दिलेले. पत्रात काय? बाळाला दात येताना काय द्यावं, तापातून उठल्यावर पेज किती पातळ करावी. शेवटी दोन ओळी — सत्त्व तयार आहे, हवं असेल तर कळवा. आया ते पत्र वाचायच्या, उत्तरं लिहायच्या, बाळांचे फोटो पाठवायच्या. आता सांगा, ही जाहिरात की माया? दोन्ही! दोन्ही असायला हरकत काय?

पण मंडळी, चांगलं चाललेलं माणसाला बघवत नाही. दुसऱ्याचं नाही, स्वतःचंच!

एका प्रदर्शनात तिला प्रणीत नावाचा गृहस्थ भेटला. व्यवसाय काय, तर लोकांचा व्यवसाय वाढवून देणं. म्हणाला, "ताई, सहाशे पत्त्यांत काय होतंय? मी चाळीस हजार देतो."

"ती माणसं मला ओळखतात?"

"रोज पत्र गेलं की ओळखतील!"

हेमांगीने ते पत्ते विकत घेतले. रोज सकाळी पत्र सुटायला लागलं. बाळाचे दात गेले, पेज गेली. आता काय? 'शेवटची संधी!' 'आजचा दिवसच!' — आणि ती शेवटची संधी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! एकदा तर प्रणीतच्या सांगण्यावरून तिने मथळा दिला, 'तुमचं पार्सल अडकलं आहे.' लोकांनी घाबरून उघडलं, तर आत सत्त्वाची जाहिरात. 'मला पत्र नको' असं कळवायची सोय होती का? होती, अगदी तळाशी. फिकट राखाडी, मोहरीएवढ्या अक्षरांत!

सुलभा म्हणाली, "गो, हे लोक वैतागणार नाहीत काय?"

हेमांगी म्हणाली, "ऑर्डरी वाढल्यात, बघतेस ना?"

पहिला आठवडा वाढल्या. मग ओसरल्या. आयांची उत्तरं यायची थांबली. हेमांगीला वाटलं, मुलं मोठी झाली असतील. अहो, सहाशेच्या सहाशे मुलं एकाच महिन्यात मोठी झाली? पण माणसाला आपल्या सोयीचं कारण लगेच पटतं.

आता ऐका. एका शुक्रवारी लाडवांची ऑर्डर होती म्हणून सत्त्व दळायच्या यंत्रातच दाण्याचं कूट केलं. शनिवारी त्याच यंत्रावर सत्त्व दळलं. एकशे ऐंशी पाकिटं. सोमवारी रवाना! बुधवारी सकाळी यंत्र खोलताना सुलभाच्या बोटाला तेलकट लागलं. वास घेतला. दाण्याचा!

"हेमांगी, शनिवारी यंत्र तू धुतलंस मा?"

"मी खंय? माका वाटला तू धुतलंस!"

तुम्ही म्हणाल, चिमूटभर कूट, त्यात काय एवढं? तुम्हा-आम्हाला काही नाही. पण काही मुलांना शेंगदाणा चालत नाही. कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडतो. आणि अशा मुलांच्या आया पाकिटावरचं वाचूनच तर हे सत्त्व मागवत होत्या!

हेमांगीने वेळ दवडला नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. दहा मिनिटांत पत्र लिहिलं — 'पाकीट उघडू नका, आमची चूक झाली आहे, आत शेंगदाण्याचा अंश आहे.' एकशे ऐंशी जणींना पाठवलं. पार्सलं अजून वाटेतच होती. म्हणजे पत्र वेळेवर गेलं!

सुलभा म्हणाली, "फोन पण करूया. नंबर आहेत पार्सलच्या यादीत."

"एकशे ऐंशी फोन? अगो, हे बघ, पडद्यावर काय लिहिलंय — पोचले, एकशे ऐंशी."

संध्याकाळी सुलभाने विचारलं, "वाचलं किती जणींनी?"

"चार."

"चारच?"

"वाचतील गं उद्या."

मंडळी, शुक्रवारी सकाळी फोन वाजला. जळगावहून नीलोफर तडवी. अगदी पहिल्या आयांपैकी एक.

"ताई, तुमच्या सत्त्वात दाणे आहेत का? खरं सांगा. चौदा महिन्यांचा आहे माझा. दोन चमचे दिले, तर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. दवाखान्यात आहोत. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं."

"आहे. दाण्याचं कूट आहे, डॉक्टरांना सांगा! पण नीलोफर, मी बुधवारीच पत्र पाठवलं होतं!"

"नाही आलं."

हेमांगी फोन धरूनच बसली. तासाभराने नीलोफरचा पुन्हा फोन. मूल सावरलं होतं. श्वास मोकळा झाला होता, सूज उतरत होती. म्हणाली, "सापडलं तुमचं पत्र. स्पॅममध्ये होतं. वर लॉटरी लागल्याचं पत्र, खाली कुणाचं तरी पार्सल अडकल्याचं. मध्ये तुमचं." मग म्हणाली, "ताई, माझं नाव तुमच्या यादीतून काढा."

रागावली नाही. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी हेमांगी आणि सुलभा दोन फोन घेऊन बसल्या. शनिवार संपेस्तोवर एकशे एकोणऐंशी घरी बोलणं झालं. कुणी आभार मानले, कुणी शिव्या घातल्या. त्याही ऐकून घेतल्या. एक नंबर लागेना. पत्ता गडहिंग्लजचा. रविवारी सकाळच्या एसटीने हेमांगी तिथे गेली, दार वाजवलं. एक आजोबा बाहेर आले.

"सत्त्व? ते होय! नातवाला नाही आवडलं. मीच घेतो रोज दुधातून. छान आहे हो, दाण्याची चव लागते!"

हसा, हसा. तीही हसली. आणि मग त्यांच्याच ओट्यावर बसून रडली. आजोबांना काही कळेना. त्यांनी आपलं पाणी आणून दिलं.

परत आल्यावर ती सावंतवाडीला रोझलिन लोबोबाईंकडे गेली. बाई कॉलेजात संगणक शिकवतात. हेमांगी तक्रार घेऊनच गेली होती — "माझं खरं पत्र त्या ईमेल कंपनीने कचऱ्यात का टाकलं?"

बाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, "कंपनीला तुमचं मन दिसत नाही. तिला एवढंच दिसतं, की या नावाने चाळीस हजारांना रोज पत्र येतं, बहुतेक जण न उघडता फेकतात, शेकडो जण 'स्पॅम' म्हणून बटण दाबतात. त्यातले कितीतरी पत्ते तर बंदच पडलेत. मग तिने काय समजावं?"

"पण पडद्यावर पोचले लिहिलं होतं!"

"घरापर्यंत पोचलं, हो. दिवाणखान्यात की उकिरड्यावर, ते त्यात लिहीत नाहीत."

"मग उपाय?"

"पत्रावर तुमचीच सही-ओळख आहे हे कंपनीच्या संगणकांना पटावं, अशी नोंद करायची असते. ती तुम्ही केलेलीच नाही. ती मी आज करून देते, तासाभराचं काम. पण नाव सुधारायचं काम माझं नाही. विकत घेतलेले पत्ते आधी पुसा."

"सगळे?"

"त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं?"

हेमांगीने पुसले. उरल्या जुन्या सहाशेजणी. त्यांतून नीलोफरचं नाव सर्वांत आधी काढलं. बाकीच्यांना साधं पत्र गेलं — 'मी तुम्हाला त्रास दिला. खोटे मथळे लिहिले. शुक्रवारचं पत्र पुन्हा हवं असेल तर कळवा. उत्तर आलं नाही तर नाव काढीन.' आणि 'मला पत्र नको' हे आता सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत!

दोनशे बारा जणींनी 'हो' कळवलं. चाळीस हजारांवरून दोनशे बारा! प्रणीत ऐकून म्हणाला, "ताई, तुम्ही धंदा बुडवलात." काही दिवस तसंच वाटलं. पडवीतलं यंत्र आठवड्यातून दोनच दिवस फिरायचं. नाव एका दिवसात बिघडतं, सुधारायला चार महिने लागले. हळूहळू पत्रं पुन्हा इनबॉक्समध्ये दिसायला लागली. एका शुक्रवारी ऐंशी उत्तरं आली. सुलभाने एकेक मोठ्याने वाचलं.

आणि नीलोफर? ती परत आली नाही. हेमांगीला फार वाटायचं — एकदा लिहावं, माफी मागावी, मूल कसं आहे विचारावं. पत्ता तिला तोंडपाठ होता. दोनदा पत्र लिहून झालं. दोन्हीदा तिने ते पुसलं. कारण त्या बाईने 'काढा' म्हटलं होतं. मंडळी, चाळीस हजारांना पत्र पाठवायला काही लागलं नाही. हे एक न पाठवायला तिला सगळं बळ लागलं.

आता करा न्याय! दोष कुणाचा?

बरं, दुसरं विचारतो. गावच्या ग्रुपचा आवाज किती जणांनी बंद करून ठेवलाय? हात वर करा, लाजू नका. — अहो, सरपंचांचाही हात वर! का बंद केला? रोज पहाटे फुलांची चित्रं, खऱ्याखोट्या औषधांचे नुस्खे, शपथा घालून पुढे ढकललेले निरोप. आणि ते पाठवणारे कोण? हात वर केलेलेच आपण सगळे! उद्या त्याच ग्रुपवर 'टाकीचं पाणी पिऊ नका' असा निरोप आला, तर तो कुणाला दिसेल?

घरातही तेच. लेकाला दिवसातून चाळीस वेळा सांगता आणि म्हणता, ऐकत नाही. तुमच्या चाळीस बोलण्यांत त्याच्या कामाचं कुठलं, हे त्याने कसं ओळखावं?

तेव्हा आज एवढंच करा. तुम्हाला कुणीतरी कधीतरी 'पुरे' म्हटलं असेल, आणि तरी तुम्ही बोलतच राहिला असाल. ते माणूस आठवा, आणि त्याचा शब्द आजपासून पाळा.

अहो, समोर दोन आजोबा मघापासून मला हाताने 'पुरे' म्हणतायत! पाळायला नको? टाळ घ्या. मी गप्प बसतो, आता नाम चालू द्या.