पंखा आणि पातेलं

राजाजीनगरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात स्वानंदी आपला सतत तापणारा लॅपटॉप घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिचा मुलगा प्राणेश, दोघांच्या मध्ये डेस्कटॉप.

"खरं सांग, प्राणेश. याच्या पंख्याला काय केलंस?"

"फार तापत होता, आई. म्हणून वेग वाढवला."

"तरीच इडलीचं पीठ फुगेना!"

"त्याचा काय संबंध?"

"या थंडीत पातेलं मी कुठे ठेवते, वाटलं तुला?"

"माझ्या कॉम्प्युटरमागे? आई!"

"मागून छान ऊब येते रे."

"अगं, गरम हवा बाहेर पडायची वाटच तू अडवलीस! म्हणून तो तापायचा. आता पंखा एवढा घोंघावतो, मीटिंगमध्ये विचारतात, विमानतळावर आहेस का."

"मग स्वल्प, थोडासा हळू कर की."

"करतो. तू आधी पातेलं काढ."

"पातेलं काढल्यावर पंखा हळू करून उपयोग काय?"

"मॅडम, या," दुकानदाराने स्वानंदीला हाक मारली. "लॅपटॉप तापतो म्हणालात ना?"

"एक मिनिट हं," म्हणत ती शेजारी वळली. "काकू, पातेलं नेमकं कुठल्या बाजूला ठेवायचं?"