दणदणीत पिकअप

पेटीचा भाता दुरुस्त होईस्तोवर रामचंद्र बोरीवलीच्या एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात बसून होते. तेवढ्यात एक पन्नाशीचा गृहस्थ जुन्या धाटणीची बेस गिटार घेऊन आला आणि दुकानदार सुयोगसमोर ठेवली.

“सुयोग, पिकअप गेलाय रे. तारांचा आवाजच उचलत नाही.”

“दोन आहेत, काका. हा मऊ, घरात वाजवायला झकास. हा दणदणीत, ड्रमच्या दणक्यातही ऐकू येतो. तुमच्यासोबत कोण वाजवतं?”

“ड्रमवाला सौरभ दुबईत. गिटारवाला कॅनडात.”

“म्हणजे एकटेच? नुसता बेस म्हणजे भाताशिवाय आमटी, काका!”

“हेडफोन लावून वाजवतो.”

“मग मऊच घ्या ना.”

“दणदणीत बसव. सौरभ गणपतीला येतो म्हणालाय.”

“नक्की?”

“दरवर्षी म्हणतो. तू बसव.”