सहाला बुडणारं बदक

...आणि पुन्हा पाण्यात! नऊ दिवस, तुम्हाला सांगतो, नऊ दिवस ते पिवळं बदक माझ्या डोळ्यांदेखत बुडतंय, वर येतंय, पंख झटकतंय आणि वर गोड आवाजात म्हणतंय, ‘पुन्हा प्रयत्न करा हं!’ अरे, बदक ना तू? तुला पोहता येतं! मग पूल हवाय कशाला? पण नाही, खेळच तसा आहे. आपण प्रोग्राम लिहायचा, उत्तर बरोबर आलं की पुलाच्या फळ्या जुळतात आणि बदक पलीकडे जातं. चुकलं की डुबुक! आणि माझं उत्तर बरोबर होतं हो!

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे उद्योग सांगितले कुणी? सांगतो. मी जुळारी. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवले. सकाळी डबा घेऊन निघायचो तो दिवेलागणीला परत. ही घरात, मी तिकडे. शेजारी शेजारी बसून आम्ही दोघांनी कधी काही केलंय, असं मला आठवतच नाही. म्हणून वाचनालयात ज्येष्ठांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग निघाला, तेव्हा मीच हौसेनं दोघांची नावं घातली. एक बाक, दोन खुर्च्या, झकास चाललं होतं. पण ही सुटली ना पुढे! ‘अमुक संपेपर्यंत तमुक करत राहा’ हे शिकवायला बाईंनी दोन तास घेतले, तर ही म्हणते, ‘हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय.’ आणि गेली बदकाच्या खेळात पंधराव्या पायरीवर! मी बाराव्या. त्यात बाईंनी जाहीर केलं की शुक्रवारपर्यंत बारावी पायरी चढतील ते दुपारच्या वर्गात, बाकीचे सकाळच्याच. म्हणजे झालं की नाही? ही दुपारी जाणार, मी सकाळी. म्हणजे पुन्हा छापखानाच!

बारावी पायरी काय? तर आपली साधी संख्या शून्य आणि एक एवढ्याच आकड्यांत लिहायची. दोनाने भागत जायचं, दर वेळी उरलेली बाकी मांडत जायची. मी लिहिला प्रोग्राम. पाच घातले, एक-शून्य-एक, बदक पलीकडे! सात घातले, एक-एक-एक, पलीकडे! नऊ घातले, एक-शून्य-शून्य-एक, तेही पलीकडे! मी हिच्याकडे असं बघितलं... आणि सहा घातले. डुबुक!

सहाचं काय वाकडं आहे? पडद्यावर बघितलं, एक-एक-शून्य. कागदावर करून बघितलं, एक-एक-शून्य. आता बोला! उत्तर बरोबर होतं! मग मला वाटलं, बदकाला सम संख्या सोसत नसतील. हसू नका, नवव्या दिवशी माणसाला काहीही वाटतं. बाईंना बोलावलं. बाई वयानं आमच्या मुलीएवढ्या, लगबगीनं आल्या. ‘काका, डीबग करा. एकेक ओळ तपासा.’ मला? अहो, तपासण्यात माझी हयात गेली! दुसऱ्यानं एकदा वाचावं तिथं मी तीनदा वाचतो. तपासलं. एक-एक-शून्य. उत्तर बरोबर होतं!

ही रोज शेजारून मान लांब करायची. ‘अहो, मी काय म्हणते...’ ‘काही म्हणू नकोस, मला दिसतंय!’ असं मी नऊ दिवस म्हटलं. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. ती सांगणार, मग मी चढणार, म्हणजे मला तिनं उचलून नेल्यासारखंच की.

शुक्रवार उजाडला. वर्ग सुटायला दहा मिनिटं. हिनं काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, ‘मोठ्यानं वाचा.’ मी वाचलं, ‘एक, एक, शून्य.’ हिनं पडद्यावर डावीकडच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. ‘हा काय आहे?’

‘शून्य.’

‘मग?’

मग काय! पडद्यावर चक्क शून्य-एक-एक होतं हो! खिळे उलटे असतात, ओळ उलटी जुळवायची, उलटीच वाचायची, तेव्हा कागदावर सरळ उमटते. चाळीस वर्षांची सवय! दुकानाची पाटी मी सरळ वाचतो, वर्तमानपत्र सरळ वाचतो, पण स्वतःच्या हातानं काही जुळवलं की डोळे आपोआप उलटीकडून सुरू होतात. बाकी पुढे लावायची, ती मी मागे लावत होतो आणि वाचताना परत उलटं वाचत होतो! पाच, सात, नऊ दोन्हीकडून सारखेच, म्हणून बदक वाचलं. सहाला बुडलं. एक ओळ बदलली. बदक तुरुतुरु पलीकडे गेलं. जुनी ओळ मी रागानं कायमची पुसून टाकली. आणि मला भरून आलं, सांगून टाकतो. बदकासाठी नाही. हिनं दुपारच्या वर्गात माझ्यासाठी शेजारची खुर्ची आधीच पिशवी ठेवून धरली होती, म्हणून.

तर आता बसलोय शेजारी. दुपार, खिडकीतून ऊन, सगळं मनासारखं. बाईंनी तेरावी पायरी उघडून दिली. बदक पुन्हा काठावर उभं. खाली काय लिहिलंय माहितेय? ‘दिलेली अक्षरं उलट्या क्रमानं लिहून दाखवा.’

नऊ दिवस जे फुकटात येत होतं, ते!

आज सोमवार. सकाळपासून... नाही, दुपारपासून बदक पाण्यात आहे. मी काहीही लिहिलं तरी मला ते उलटंच दिसतंय. हिनं मान लांब केलीय. आता मीच म्हणतो, ‘बाई गं, तू वाच.’