दुसरी पातळी

(स्वयंपाकघर. टेबलावर फोडलेलं पाकीट.)

बाबा : पाचपैकी खालून दुसरी पातळी? छपाईची चूक असेल गं.

आई : चूक नाही हो.

बाबा : अठरा वर्षं दवाखान्यात बहिऱ्या पेशंटांचं बोलणं डॉक्टरांना सांगतेस. तुझी परीक्षा घेणारे हे कोण टिकोजीराव?

आई : तिघं होते. तिघंही जन्मापासून बहिरे. आपापसात बोलतात तसे भरभर हातांनी बोलत होते, आणि मला काही म्हणजे काही कळेना.

बाबा : एवढं भरभर बोलल्यावर कोणाला कळणार!

आई : पेशंट माझ्याशी सावकाश बोलतात. लहान पोराशी बोलावं तसं. मला वाटायचं, त्यांची भाषाच तेवढी आहे. वाचा ना पुढचं. मोठ्यानं.

बाबा : "भूक, दुखणं, औषधं, तारीख-वार समजतं. मनातलं सांगितलेलं समजत नाही. न समजलेल्या जागी स्वतःचं वाक्य घालण्याची सवय." ही काय लिहायची रीत झाली?

आई : खरंय ते.

बाबा : असू दे. आपल्या पोरीचं तर कळत होतं ना तुला? मी ठोंब्या, हातांची भाषा कधी शिकलो नाही. तिचं सगळं तुझ्याच तोंडून ऐकलं.

आई : म्हणूनच बसवलं तुम्हाला इथं. ती घर सोडून गेली, त्या दिवशी दारात किती वेळ बोलत होती, आठवतं?

बाबा : न आठवायला काय झालं? तू म्हणालीस, बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात म्हणते. आणि रागावून जात नाहीये म्हणते.

आई : गोळ्यांचं होतं. तेवढंच कळलं मला.

बाबा : आणि राग नाही, ते?

(आई पाकीट उलटं करून ठेवते.)

बाबा : अगं, बोल की!

आई : तुमचा चेहरा बघवत नव्हता.

बाबा : सहा वर्षं त्या एका वाक्यावर काढली मी. तिच्याकडे गेलो नाही, माफी मागितली नाही. म्हटलं, राग नाही ना, येईल आपणहून.

आई : ती माझ्या ओठांकडे बघत होती. थोडंफार वाचता येतं तिला. मी तुम्हाला काय सांगितलं, ते तिला कळलं.

बाबा : मग?

आई : मग हात खाली घेतले तिनं.

बाबा : आत्ता विचार तिला. लगेच.

आई : विचारलं परवा, मेसेज करून. तेव्हा काय म्हणालीस गं? उत्तर आलं, आता आठवत नाही.

(बाबा कागदाची घडी घालून पाकिटात सरकवतात.)

आई : चहा ठेवू?

बाबा : नको. तू उद्यापासून ते काम सोड. सांग, जमत नाही.

आई : सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, दुसरी तर दुसरी, आणायचं कुणाला? उद्या नऊला एका बहिऱ्या बाईंना गाठीचा रिपोर्ट समजावायचाय.

बाबा : आणि त्या काही बोलल्या तर?

आई : बोलतीलच ना हो.