खांब कुणाच्या दारात?

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, आणि मला एक सांगा — उजेड कुणाला नको? करा हात वर! नाही ना कुणी? बरं. आता दुसरं सांगा — खांब कुणाला हवा? ...बघा, लगेच सगळे मांडी बदलायला लागले!

तर ऐका. एक होती कासार आळी. तिथं अंबादास कासार, बांगड्यांचं दुकान त्याचं. घरात म्हातारी आई, येसूबाई. तिला कीर्तनाचं भारी वेड! पण आळीत काळोख मिट्ट. एकदा संध्याकाळी देवळातून येताना तिचा पाय उघड्या गटारात गेला. अंबादास म्हणाला, "आई, आळीत दिवा लागेपर्यंत बाहेर पडायचं नाही!" म्हातारी कोंडली गेली हो! लांबून टाळ ऐकू आले की उंबऱ्यात बसून गुडघ्यावर ताल धरायची. लेकाचा जीव तुटायचा.

त्यानं कंबर कसली. नगरपालिकेत अर्ज दिला. साहेब म्हणाले, "खांब देऊ, पण अर्धा खर्च आळीनं भरायचा." अंबादास घरोघर हिंडला — "अहो, उजेड सगळ्यांचा!" वर्गणी जमली. सभेत ठराव आला. एक नगरसेवक चहा पीत होते, एक डुलक्या काढत होते — दोघांनीही हात वर केले — मंजूर! अंबादासनं पेढे वाटले.

आणि मार्चअखेरीला — कामं तेव्हाच होतात, मी काय सांगायचं! — ट्रॉलीत आडवा पडून खांब आला. इंजिनिअर म्हणाला, "ज्याच्या दारासमोर रोवायचा, त्याची संमती हवी. आज जागा नाही मिळाली, तर खांबही परत अन् निधीही परत!"

झालं! पहिला म्हणतो, "इथं माझी गाडी लागते." दुसरा म्हणतो, "दिव्याला किडे येतात." तिसऱ्यानं तर दारच लावून घेतलं — आणि आतून ओरडतो, "घरात कुणी नाही!" एक शहाणा म्हणाला, "पलीकडच्या आळीत रोवा की! आपल्याकडे उजेड तिरपा येईल!"

सरकत सरकत ट्रॉली थांबली कुठं? अंबादासच्या दारी! इंजिनिअरनं चुन्याची फुली मारली. "आळीच्या मधोमध हीच जागा. अर्जही तुमचाच. करा सही."

अंबादास चाचरला. "तसं नाही साहेब... दारासमोर खांब म्हणजे द्वारवेध. वास्तूला चालत नाही. लक्ष्मी उंबऱ्यावरून मागे फिरते म्हणतात."

"मग नेऊ परत?"

'न्या' म्हणवेना, 'रोवा' म्हणवेना! तेवढ्यात मागून काठी वाजली. येसूबाई बाहेर आली, हातात बॅटरी. सरळ चालत गेली, फुलीवर उभी राहिली आणि बटण दाबलं.

"आई, हे काय?"

"खांब जाऊ दे रे बाळा. रोज तिन्हीसांजेला मीच उभी राहते इथं. दिसेल तेवढं दिसेल लोकांना. खांबाचा वेध लागतो — आईचा नाही ना लागत?"

मंडळी, अंबादासच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं हो! त्यानं सही ठोकली. तरी म्हातारी हलेना! म्हणते, "आधी खड्डा खणा, मग हलते." तिला लेकही ठाऊक, नगरपालिकाही ठाऊक! इंजिनिअर हात जोडून म्हणाला, "आजी, तुम्ही उभ्या आहात तिथंच खणायचाय!"

दिवा लागला. येसूबाई देवळात सगळ्यांच्या आधी हजर! आणि तो 'घरात कुणी नाही' — तो खुर्ची घेऊन खांबाखाली पेपर वाचत बसला.

हसलात? हसा! पण येताना मी पाहिलं — तुमच्या या देवळामागच्या बोळातही एक खांब आडवा पडलाय. पुजारीबुवा सांगत होते, जागा मिळत नाही म्हणून. प्रसादाला सगळ्यांचे हात पुढे येतात ना? मग आता सांगा — कुणाच्या दारात? ...अध्यक्ष, सतरंजीत काय शोधताय? तुमचा हात वर गेला होता की डोकं खाजवत होता?

पखवाजवाले, थांबा. आरतीचं ताट तयार आहे, पण एक हात वर येईपर्यंत मी काही इथून हलत नाही — येसूबाईसारखा फुलीवर उभा आहे!